गोळीचा साचा

गोळीचा साचा हे वितळलेले शिसे किंवा शिशाचा मिश्रधातू ओतून बंदुकीच्या गोळ्या घडवण्याचे हातसाधन आहे. धातूचे दोन ठोकळे एकमेकांना तंतोतंत जुळवून त्यांच्या मधोमध गोळीच्या आकाराची पोकळी कोरलेली असते. काडतुसांचे कारखानी उत्पादन सर्वत्र सुरू झाल्यानंतरही हे साधन वापरातून गेले नाही. विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुन्या धर्तीच्या मोठ्या व्यासाच्या रायफली वापरणारे नेमबाज आपल्या गोळ्या घरीच ओततात. या रायफलींच्या गोळ्या ४०० ते ५५० ग्रेन वजनाच्या असतात (१ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, ५०० ग्रेनची गोळी सुमारे ३२.४ ग्रॅम भरते). अशा जड गोळीसाठी साचा निवडताना त्यावर छापलेल्या वजनापेक्षा ज्या नळीतून ती गोळी जाणार त्या नळीची मोजमापे निर्णायक ठरतात.

इतिहास

आरंभीच्या बंदुकांसाठी दगडाचे, काशाचे व पुढे लोखंडाचे साचे वापरले जात. बंदुका हाताने घडवलेल्या असल्याने दोन नळ्यांचा व्यास क्वचितच एक असे. अठराव्या शतकात अमेरिकेतील कारागीर लांब नळीची रायफल तयार केली की त्याच रायफलीच्या मापाचा साचाही करून गिऱ्हाइकाला देत. हिंदुस्थानातील तोड्याच्या बंदुकांचे व्यासही कारागीरागणिक बदलत असल्याने गोळी बंदुकीच्या मापानेच ओतावी लागे. लष्करांसाठी मात्र एका वेळी अनेक गोळ्या पडतील असे लांब पितळी साचे वापरले जात.

घरगुती ओतकामाचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १७७६ मधील आहे. ९ जुलै रोजी न्यू यॉर्कमधील बोलिंग ग्रीन येथे जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेटिकटमधील लिचफील्ड येथे नेण्यात आले आणि तेथील स्त्रिया व मुलांनी त्यांपासून गोळ्या ओतल्या. त्या वेळी ठेवलेल्या हिशेबात ४२,०८८ काडतुसांची नोंद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोल गोळीची जागा लांबट गोळीने घेतली. क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीचे बूड पोकळ होते. दारूच्या दाबाने ते फुलून नळीतील पेचदार खाचांत घट्ट बसे, त्यामुळे गोळी व्यासाने थोडी लहान असली तरी चाले. १८५७ च्या उठावात ज्या एनफिल्ड रायफलीची वंगण लावलेली काडतुसे वादाचे निमित्त ठरली, तिची गोळीही याच कुळातील व सुमारे ५३० ग्रेन वजनाची होती. भारतीय वाचकाला हा वाद चरबीमुळे परिचित आहे, परंतु गोळीला वंगण लागतेच का हा त्यामागचा तांत्रिक प्रश्न आहे. शिसे मऊ असते, ते कोरड्या नळीत घासून चिकटते आणि काळ्या दारूची राखही नळीत घट्ट बसते. वंगणाने दोन्ही गोष्टींना आळा बसतो. आजच्या ओतीव गोळीवरील वंगणखाचांचे कारणही हेच आहे.

अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर .४५-७० हे काडतूस स्वीकारले. त्यात आधी ४०५ ग्रेनची गोळी होती, १८८० च्या दशकात ५०० ग्रेनची आली. १८८४ मध्ये जॉन बार्लो याने कनेटिकटमधील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि साचे व काडतुसे पुन्हा भरण्याची अवजारे सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. हा व्यवसाय १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेला. आयडियलची क्रमांकपद्धत लायमनने पुढे चालवली. तिच्यात पहिले तीन अंक गोळीचा व्यास इंचाच्या हजारांशांत सांगतात आणि उरलेले अंक नमुन्याचा क्रम दर्शवतात. ४५७१२५ हा ५०० ग्रेनच्या लष्करी गोळीवर बेतलेला साचा आणि ४५७१९३ हा सुमारे ४०५ ग्रेनच्या चपट्या नाकाच्या गोळीचा साचा ही त्याची परिचित उदाहरणे होत.

रचना

साच्याचे दोन ठोकळे लाकडी मुठीच्या चिमट्यात बसवलेले असतात. वरच्या बाजूस खिळीभोवती फिरणारी एक जाड पट्टी असते. तिच्या छिद्रातून धातू आत ओततात, आणि तो थिजल्यावर पट्टी बाजूला सरकवली की वरचा शिल्लक धातू, म्हणजे ‘देठ’, कापला जातो. बहुतेक साच्यांत गोळी बुडाकडून ओतली जाते, त्यामुळे देठाचा व्रण बुडावर राहतो. काही लक्ष्यवेधी नेमबाज नाकाकडून ओतण्याचे साचे पसंत करतात. नळीतून बाहेर पडताना मागचा वायू बुडाच्या कडेवरून सुटतो आणि कड एका बाजूला जरी दबलेली असली तरी गोळी मार्गावरून ढळते. नाकावरचा तेवढाच दोष पुष्कळदा निरुपद्रवी असतो.

जड गोळ्यांची गरज

काळ्या दारूच्या काडतुसात गोळीचा वेग फारसा वाढवता येत नाही. .४५-७० मध्ये तो सेकंदाला सुमारे ३७० ते ४०० मीटर इतकाच असतो. वेग वाढत नसल्याने दूरच्या माऱ्यासाठी वजन वाढवणे हाच उपाय उरतो, कारण लांब व जड गोळी हवेत आपला वेग सावकाश गमावते. १८७४ मध्ये न्यू यॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर झालेल्या सामन्याने अशा रायफलींना कीर्ती मिळवून दिली. आज काळ्या दारूच्या काडतुसांच्या ‘सिल्हूट’ स्पर्धांत २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० मीटरवर मेंढा अशा पोलादी आकृती असतात. त्यांना गोळी लागून भागत नाही, आकृती पडावी लागते. हलक्या गोळीने अचूक मारलेला मेंढा उभाच राहतो, हा या खेळातील नेहमीचा अनुभव आहे.

साच्याची निवड

व्यास

रायफलीच्या नळीला दोन व्यास असतात. खाचांमधील उंचवट्यांवर मोजलेला लहान व्यास आणि खाचांच्या तळाशी मोजलेला मोठा व्यास. .४५-७० साठी हे आकडे नाममात्र ०.४५० व ०.४५८ इंच (११.४३ व ११.६३ मिलिमीटर) आहेत. ‘नाममात्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलींच्या खाचा पुष्कळदा याहून खोल आढळतात आणि आधुनिक नळ्यांतही हजारांशांचे फरक असतात. म्हणून साचा विकत घेण्यापूर्वी नळी मोजतात. मऊ, शुद्ध शिशाचा तुकडा वंगण लावून नळीतून हळूहळू ढकलतात आणि त्यावर उमटलेल्या खाचांचे माप सूक्ष्ममापीने घेतात. गोळी जेथून खाचांत शिरते तो ‘गळा’ मोजायचा असेल तर सुमारे ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळणारा सेरोसेफ नावाचा मिश्रधातू नळीच्या मागील भागात ओतून त्याचा ठसा घेतला जातो.

वंगणखाचा असलेली गोळी खाचांच्या व्यासाहून ०.००१ ते ०.००२ इंचाने मोठी असावी, हा सर्वमान्य संकेत आहे. याहून लहान गोळीच्या कडेने तप्त वायू पुढे निसटतो, शिसे वितळवून नळीत थापतो आणि काही फैरींतच नेम बिघडतो. नवशिक्यांचा उपाय बहुधा धातू अधिक कठीण करण्याचा असतो, पण त्याने दोष वाढतो. कठीण गोळी दाबाने फुलत नाही आणि फट तशीच राहते. मोठी गोळी छेदयंत्रातून दाबून लहान करता येते, लहान गोळी मोठी करणे जवळजवळ अशक्य असते. ठोकळ्यांच्या जोडावर धातूची पातळ चिकटपट्टी लावून पोकळी रुंद करण्याची युक्ती प्रचलित आहे, परंतु तिने गोळी एकाच दिशेने रुंदावते व गोलाई बिघडते. त्यामुळे दोन साच्यांत निर्णय होत नसेल तेव्हा मोठ्या व्यासाचा साचा घेणे शहाणपणाचे ठरते.

एकाच साच्यातून निघणाऱ्या गोळीचा व्यास मिश्रधातूप्रमाणे बदलतो, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. शुद्ध शिसे थंड होताना अधिक आकसते, अँटिमनी मिसळलेले कमी आकसते. शंभरात ९० भाग शिसे, ५ भाग कथील व ५ भाग अँटिमनी अशा ‘लायमन क्रमांक २’ मिश्रणासाठी कोरलेला साचा या मिश्रणातून ०.४५८ इंचाची गोळी देत असेल, तर २० भाग शिसे व १ भाग कथील या मऊ मिश्रणातून तो ०.४५७ किंवा त्याहूनही लहान गोळी देऊ शकतो. काळ्या दारूसाठी हेच मऊ मिश्रण वापरतात, आणि त्या दारूच्या आकस्मिक दाबाने गोळी फुलून खाच भरते म्हणून हा फरक बराचसा झाकला जातो. बिनधुराच्या दारूचा दाब सावकाश चढतो, तेथे तो झाकला जात नाही.

कागद गुंडाळलेल्या गोळीसाठी हिशेब वेगळा असतो. तेथे शिशाची गुळगुळीत गोळी उंचवट्यांच्या व्यासाहूनही किंचित लहान ओततात आणि कागदाच्या दोन वेढ्यांनी ती त्या मापापर्यंत आणतात. यासाठीच्या साच्यांत बुडाचा खुंट वर-खाली सरकवून गोळीची लांबी बदलण्याची सोय पुष्कळदा असते.

पीळ आणि लांबी

नळीतील खाचा जितक्या अंतरात एक फेरा पुरा करतात त्याला पीळ म्हणतात. गोळी जितकी लांब तितका आखूड पीळ लागतो, नाहीतर ती हवेत डगमगते व लक्ष्यावर आडवी लागते. वुलिच येथील गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल याने १८७९ मध्ये यासाठी सोपे सूत्र दिले. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागले की लागणारा पीळ मिळतो. सर्व मापे इंचांत घ्यायची. ०.४५८ इंच व्यासाची १.३ इंच लांब गोळी घेतली तर उत्तर सुमारे २४ इंच येते. १८७३ च्या स्प्रिंगफील्डचा पीळ २२ इंच आहे, म्हणजे तिच्यातून ही गोळी स्थिर जाते व सूत्रानुसार लांबीची मर्यादा १.४३ इंच इतकी पडते. शार्प्स रायफलींच्या आधुनिक प्रतिकृतींत पुष्कळदा १८ इंचांचा पीळ असतो, त्यांत अणकुचीदार नाकाच्या, अधिक लांब गोळ्या चालतात.

सूत्रात वजन नाही, लांबी आहे. समान वजनाच्या दोन गोळ्यांपैकी बोथट नाकाची आखूड असते व निमुळत्या नाकाची लांब. त्यामुळे ‘माझ्या रायफलीत ५३५ ग्रेन चालेल का’ हा नेमबाजांत नेहमी विचारला जाणारा प्रश्न साच्याच्या रेखाचित्राशिवाय सुटत नाही.

वजन

साच्यावरील वजन विशिष्ट मिश्रधातू गृहीत धरून दिलेले असते. लायमनचे आकडे क्रमांक २ मिश्रणाचे आहेत. छपाईच्या लायनोटाइप धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असते आणि तो शुद्ध शिशाहून सुमारे ९ टक्क्यांनी हलका असतो. म्हणजे शुद्ध शिशात ५०० ग्रेन देणारी पोकळी लायनोटाइपमध्ये ४५५ च्या आसपास देते. (शिसे, अँटिमनी व कथील यांच्या याच कुळातील मिश्रधातूपासून खिळे ओतले जात, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची ख्याती अशाच ओतीव देवनागरी खिळ्यांवर उभी होती.) ब्रिनेल कठिनता क्रमांकाने पाहता शुद्ध शिसे ५ च्या आसपास, क्रमांक २ मिश्रण १५ आणि लायनोटाइप २२ च्या आसपास असते.

वजनातील फरक केवळ नेमापुरता मर्यादित नसतो. स्प्रिंगफील्डसारख्या जुन्या रायफलीची बंद करण्याची यंत्रणा दुर्बळ असते. जड व लांब गोळी काडतुसात अधिक खोल बसली तर दारूसाठीची जागा घटते व दाब वाढतो. प्रकाशित तक्त्यातील दारूचे प्रमाण त्यात दिलेल्या गोळीलाच लागू असते. साचा बदलला की ते प्रमाण तसेच वापरता येत नाही.

नाक आणि बूड

मार्लिन १८९५ किंवा विंचेस्टर १८८६ यांसारख्या रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात आणि प्रत्येक गोळीचे नाक पुढील काडतुसाच्या प्रायमरला टेकते. धक्क्याने प्रायमर पेटू नये म्हणून येथे चपट्या नाकाचीच गोळी वापरतात. एकेक काडतूस भरण्याच्या रायफलींना हे बंधन नाही. बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवण्याची सोय असलेले साचेही मिळतात. ही ‘गॅस चेक’ वाटी वेगवान माऱ्यात बुडाचे रक्षण करते. काळ्या दारूच्या वेगांना तिची गरज नसते आणि त्यासाठी असा साचा घेणे म्हणजे दर गोळीमागे विनाकारण खर्च.

साच्याचा धातू व पोकळ्यांची संख्या

साचे बिडाचे, पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. अ‍ॅल्युमिनियम हलके व स्वस्त असून लवकर तापते, पण मऊ असल्याने निष्काळजी हाताळणीत ठोकळ्यांचे जोड झिजतात. बीड टिकाऊ आहे आणि तेवढ्याच आकारमानात अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे सव्वा ते दीडपट उष्णता साठवते. मात्र ते गंजते. पितळ गंजत नाही, पण जड व महाग असते. लहान पिस्तुली गोळ्यांसाठी सहा पोकळ्यांचा साचा सोयीचा असला तरी ५०० ग्रेनच्या गोळीला तो मुळीच सोयीचा नाही. इतके शिसे दर ओतणीला इतकी उष्णता आणते की साचा अतितप्त होतो, शिवाय हातावरचे वजनही वाढते. लक्ष्यवेधी नेमबाज बहुधा एकच पोकळी असलेला बिडाचा साचा घेतात. अशा साच्यातून शंभर गोळ्या ओतण्यास सव्वातीन किलो धातू लागतो, म्हणून भांडेही मोठे असावे लागते.

ओतकाम

शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, ओतण्यासाठी ते सामान्यतः ३७० ते ४३० अंशांपर्यंत तापवतात. पृष्ठभागावर येणारा करडा थर केवळ मळ नसून त्यात ऑक्सिडीभूत कथीलही असते. मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळल्यास ते कथील परत मिसळते. साचा पुरेसा तापला नसेल तर गोळीवर सुरकुत्या येतात व कडा गोल राहतात, फार तापला तर गोळी दुधाळ दिसते.

जड गोळीचा खास दोष म्हणजे आतली पोकळी. गोळीचा गाभा शेवटी थिजतो आणि आकसताना वरून धातू ओढतो. तो मिळाला नाही तर बुडाजवळ बुडबुडा राहतो. तीन मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याने वजन सुमारे अडीच ग्रेनने घटते आणि गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. यासाठी पळीची चोच पट्टीच्या छिद्राला लावून काही क्षण तशीच धरतात आणि देठ मोठा ठेवतात. ओतलेली प्रत्येक गोळी तोलून वजनांत हलक्या आढळलेल्या गोळ्या पुन्हा भांड्यात टाकल्या जातात.

चाकांचा तोल साधणारी जुनी शिशाची वजने हा ओतणाऱ्यांचा आवडता कच्चा माल होता. युरोपीय संघाने २००५ मध्ये व कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये त्यांवर बंधने आणल्यापासून जस्ताची व पोलादाची वजने वाढली. जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि थोडेसे मिसळले तरी धातू साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरत नाही. म्हणून भांडे प्रथम त्याखालच्या तापमानावर ठेवून तरंगणारे तुकडे वेचून काढतात.

आरोग्य व सुरक्षितता

शिशाचा उत्कलनबिंदू १,७४९ अंश आहे, त्यामुळे ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ अत्यल्प असते. खरा धोका मळीच्या धुळीचा आणि हातावरून तोंडात जाणाऱ्या शिशाचा आहे. ते शरीरात, मुख्यतः हाडांत साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर अत्यल्प प्रमाणातही परिणाम करते. स्वयंपाकघरात किंवा स्वयंपाकाच्या भांड्यात ओतकाम करणे, तेथे खाणे-पिणे, मळी उघड्यावर टाकणे हे सर्व वर्ज्य मानले जाते. दुसरा धोका पाण्याचा. वितळलेल्या धातूत घामाचा एक थेंब किंवा ओलसर तुकडा बुडाला तरी पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसे भांड्याबाहेर उसळते. डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, चामडी हातमोजे व मोकळी हवा या किमान अटी होत.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीचा व्यवसाय करण्यास लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी असल्याने तेथे ओतीव शिशाच्या गोळीचा उपयोग लक्ष्यवेधापुरता राहिला आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे. त्याच्या उत्पादनास परवाना आवश्यक असून बंदुकीचा वैयक्तिक परवाना त्यासाठी पुरेसा नसतो.